भिंतीवरची पाठ

“पाठीमागनं येणाऱ्यानं आदी आवाज द्यावा, एवढंच आमचं म्हणणं हाय.”

रंभाबाई हे आयुष्यात एकदाच बोलल्या. एसीच्या गार खोलीत, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसून, टेबलापलीकडच्या मुलीच्या चेहऱ्याकडे न बघता. त्याआधी हे बोलून दाखवायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. कासार आंबोलीत ही गोष्ट बोलायची नव्हतीच. ती पाळायची होती, आणि सगळे पाळत होते.

भातलावणीत बायका ओळीनं उभ्या राहतात, कमरेत वाकतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. तोंडापुढे लावलेलं हिरवं, पाठीमागे मोकळा चिखल. लुगडं मांड्यांपर्यंत वर खोचलेलं, अंगावरचं सगळं भिजून कातडीला चिकटलेलं. अशा वेळी मागच्या बांधावरून कुणा पुरुषाला जायचं असलं तर तो लांबूनच हाळी देतो. “हो बायांनोऽ!” एवढीच. ओळ सरळ होते, खोचे सुटतात, पदर जागेवर येतात. तो मान खाली घालून निघून जातो आणि ओळ पुन्हा वाकते. नवा तलाठी आला तरी त्याला बसवून शिकवावं लागत नसे. पहिल्या खेपेला त्याच्यासाठी दुसरंच कुणी ओरडायचं, पुढच्या खेपेला तो स्वतः ओरडायचा. सुटलेल्या म्हशीमागे धावणारा गडीसुद्धा धावता धावता हाळी देई.

रंभाबाईंचे वडील वारले तो दिवस लावणीचाच होता. निरोप घेऊन त्यांचा नवरा भैरू घरून पळत आला. छाती फुटायला आलेली. पण खाचराच्या कोपऱ्यावर तो थांबला, हाळी दिली, सगळ्या बाया उभ्या राहिल्या, लुगडी खाली आली, आणि मगच त्यानं तोंड उघडलं. “बाप गेला हे कळायच्या आदी मी नीट उभी हुते,” रंभाबाई सांगायच्या. अपेक्षा नवी सून म्हणून घरात आली तेव्हा सासऱ्यांच्या फोटोला हार घालताना तिला त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती. भैरू कसा माणूस होता हे सांगायला त्यांना दुसरं काही लागत नसे.

अपेक्षा नेऱ्याची. तिच्या माहेरी शेताच्या खोल्या झाल्या होत्या आणि खोल्यांत हिंजवडीत कामाला जाणारी पोरं राहत होती. चिखलात पाय घालायची तिला सवय नव्हती, पण कासार आंबोलीत आल्यावर हे सगळं तिला फार आवडलं. चूल, खाचरं, गोठा, सासूच्या हातची तांदळाची भाकरी. ती मोबाइलवर फोटो काढून टाकत असे. ‘गावची सून’ असं तिनं खात्याला नाव दिलं होतं आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक तिच्या चुलीला लाल बदाम पाठवत होते. त्यात वाईट काही नव्हतं. भाकरीची अब्रू जात नाही.

आषाढातली गोष्ट. सकाळपासून झोडपणारा पाऊस जरा थांबला होता, बायांनी अंगावरच्या प्लास्टिकच्या खोळी काढून बांधावर टाकल्या होत्या. अपेक्षा चहाची किटली घेऊन आली ती मागच्या बांधानं. ओळीत सगळ्यात डावीकडे रंभाबाई. त्या डावखुऱ्या. मधल्या पातीवर उभ्या राहिल्या तर शेजारणीच्या कोपराला कोपर लागायचं, म्हणून लग्न होऊन आल्यापासून बांधालगतची पात त्यांचीच. ढगातून तिरपं ऊन उतरलं आणि नेमकं त्यांच्या पाठीवर पडलं. झंपर भिजून चिकटलेलं, त्याखाली मणका न् मणका उमटलेला, पिंढऱ्यांवर चिखलाचे ओघळ, डावा हात पाण्यात शिरताना पाण्यावर उठलेलं एकच वलय. अपेक्षानं किटली खाली ठेवली आणि फोटो काढला.

“काय करतीस गं मागं?” रंभाबाईंनी वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

“काय न्हाई आत्या, चहा आणलाय.”

खोटं कशाला बोला, फोटो सुंदर होता. अपेक्षानं त्याच संध्याकाळी तो टाकला. खाली लिहिलं, ‘माझी अन्नपूर्णा.’ ठिकाण म्हणून कासार आंबोली घातलं आणि शेजारच्या रिसॉर्टचं नावही जोडलं, म्हणजे तिथे येणारे पाहुणे बघतील. तिच्या भाकऱ्यांना कधी मिळाले नव्हते इतके बदाम त्या पाठीला मिळाले.

त्या रिसॉर्टला गावात नुसतं ‘लॉन’ म्हणत. लॉन उभं होतं ती जमीन एकेकाळी भैरूची खालची खाचरं. शंभूनं, म्हणजे रंभाबाईंच्या मुलानं, ती विकली तेव्हा रंभाबाईंनीही सही केली होती, कुरकुर न करता. वरची खाचरं राहिली होती, ती त्यांना पुरत होती. लॉनवर लग्नं होत, शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येत, आणि जेवणघराच्या काचेतून भैरूच्या बांधावरचं आंब्याचं झाड दिसे. ते तेवढं त्यांनी तोडलं नव्हतं. त्याच्या खाली आता झोपाळा होता.

दिवाळी झाली. रंभाबाईंच्या मुलीचं, रेश्माचं जमलं. रेश्मा हिंजवडीत कंपनीत होती आणि तिथलाच इंद्रजित तिनं स्वतः पसंत केला होता. त्याच्या घरचे बाणेरचे. माणसं बोलायला गोड. साखरपुडा लॉनवरच करायचं त्यांनी ठरवलं आणि खर्चही आपल्याकडे घेतला, कारण इंद्रजितच्या आईला ती जागा ‘फार खरी’ वाटली.

आणि मग एका सकाळी नरहरी आला. नरहरी भावकीतला, लॉनवर रोज दूध घालायचा. जीभ जरा सैल. अंगणात रंभाबाई भात वाळत घालत होत्या, अपेक्षा सारवत होती.

“वैनी,” नरहरी मोटरसायकलवर बसूनच म्हणाला, “तुमची पाठ लई मोठी झाली की वं.”

“काय म्हन्तोस?”

“न्हाई, म्हन्लं भितभर फोटू लागलाय तिचा. लॉनवर. जेवायच्या हालमधी. मानसं तुमच्याकडं बघत बघत पनीर खात्यात.”

“तोंड दिसतंय व्हय रं माजं?”

“तोंड कशाला दिसाया पायजे? डाव्या हातानं लावणारी आख्ख्या गावात एकच हाय. सगळ्यांनी वळाकली. आमच्या म्हातारीनं बी. ती तर म्हन्ली, भैरूदादा असता तर लॉन पेटावलं असतं त्यानं.” नरहरी हसला, मग त्याला आपण हसायला नको होतं असं वाटलं असावं. किक मारून तो निघून गेला.

रंभाबाईंनी हातातला भात खाली सोडला. अपेक्षाचा हात शेणात तसाच थांबला होता. सासूनं तिच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. न विचारण्यानंच अपेक्षाला कळलं की त्यांना कळलं.

त्या दोघी चालत लॉनवर गेल्या, त्याच दिवशी, जेवणाच्या वेळेआधी. टेबलं पुसणाऱ्या पोऱ्यानं हिंदीत विचारलं, बुकिंग आहे का? अपेक्षा म्हणाली, फोटो बघायचाय. त्यानं आनंदानं बोट दाखवलं. “वो सेल्फी पॉइंट है, मॅडम. सब लोग वहीं खिंचवाते हैं.”

जमिनीपासून छतापर्यंत ती पाठ होती. अपेक्षाच्या मोबाइलच्या काचेवर जी बोटभर होती ती आता माणसाच्या तिप्पट झाली होती. मांडीची शीर मनगटाएवढी, मानेवरच्या घामाचा थेंब लिंबाएवढा. खाली वळणदार अक्षरांत ‘मातीशी नातं’. त्याखाली लांबट कुंडीत प्लास्टिकची भातरोपं, दाणे लागलेली. लावणीच्या चित्रापुढे दाणे लागलेलं भात. कुणाला काही कळत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. ती दुसऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली असते. रंभाबाईंनी आपली पाठ पहिल्यांदा बघितली ती अशी, सगळं गाव बघून झाल्यावर. बराच वेळ त्या बघत राहिल्या. ओळखीचं काहीतरी शोधत असल्यासारख्या. मग हळूच म्हणाल्या,

“काखंत उसवलंय गं. मला म्हाईतच नव्हतं.”

अपेक्षाला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती गार खोली आणि टेबलापलीकडची मुलगी. तिचं नाव मृण्मयी. लॉनची जाहिरात, लॉनचे फोटो, लॉनचं सगळं दिसणं ती बघायची. पुण्याची, वागायला नम्र, आणि राग येईल अशी एकही गोष्ट चढ्या आवाजात न बोलणारी. अपेक्षा रस्ताभर भांडण जुळवत आली होती. ती सुरूच झाली.

“हा फोटो माझा आहे. मी काढलाय. मला न विचारता तुम्ही भिंतीवर लावला कसा?”

“ताई, तुम्ही आम्हाला टॅग केलं होतं ना. अकाउंटही पब्लिक आहे. आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडेल.”

“टॅग केला म्हणजे दिला का? मी तुम्हाला घराचा पत्ता सांगितला तर तुम्ही येऊन कपाट उघडणार का?”

“नाही नाही, तुमचा मुद्दा बरोबर आहे.” मृण्मयीनं वहिनीला समजवावं तसं तिला समजवलं. “फोटो तुमचाच. त्याबद्दल वादच नाही. आपण खाली तुमचं नाव टाकू. छान मोठं. ‘छायाचित्र : अपेक्षा’. चालेल?”

भिंतभर फोटो आणि खाली आपलं नाव. एक क्षणभर अपेक्षाला ते दिसलं आणि ते तिला वाईट दिसलं नाही. शेजारच्या खुर्चीत रंभाबाई होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडावरून हे जाताना बघितलं.

“आणि परवानगीचं म्हणाल,” मृण्मयी पुढे म्हणाली, “तर यात चेहराच नाहीये. चेहरा नसला की कुणाला विचारायचा प्रश्न येत नाही. कुणीही बाई असू शकते ही.”

“कुनी बी न्हाई,” रंभाबाई म्हणाल्या. “मी हाय ती.”

मृण्मयीनं त्यांच्याकडे बघितलं. मग काचेतून भिंतीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. तिनं दोन्ही हात छातीवर नेले. “अय्या! मावशी, तुम्ही? किती ग्रेसफुल आहात हो तुम्ही! एक करूया का? त्याच्यापुढे तुम्हाला उभं करून एक फोटो घेऊया? लोकांना किती आवडेल!”

या मुलीला शिव्या द्यायला काही जागाच नव्हती. ती खरोखरच खूश झाली होती. एखाद्याच्या घरातलं भांडं उचलून आणावं, आणि तो मागायला आला की त्याला त्याच भांड्यात चहा देऊन म्हणावं, बघा किती शोभतंय, तसं.

तेव्हा रंभाबाई ते बोलल्या. पाठीमागनं येणाऱ्यानं आदी आवाज द्यावा, एवढंच आमचं म्हणणं हाय.

“म्हणजे?”

अपेक्षानं बांध, ओळ, हाळी सगळं सांगितलं. मृण्मयीनं मनापासून ऐकलं. तिचे डोळे पाणावले. “हाऊ ब्यूटिफुल,” ती म्हणाली. “हे आपण फोटोखाली लिहायला हवं. ही स्टोरीच आहे.”

“जिमिनीवर सही केली हुती मी,” रंभाबाई उठता उठता म्हणाल्या. “पाठीवर न्हाई केली. त्यो फोटो भितीवरनं काडा.”

पुष्कळ हो-नाही झालं. भिंत छापून आणलेली, मालक परदेशात, त्यांना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. शेवटी मृण्मयीनं शब्द दिला. त्यांच्या घरचा समारंभ आहे ना, मग त्या दिवशी ती सगळी भिंत झेंडूच्या माळांच्या पडद्यानं झाकू. वरपासून खालपर्यंत. एक बोटसुद्धा दिसणार नाही. पुढचं मालक आल्यावर.

परतताना दोघी बांधानं आल्या. भात कापून झालेलं, खाचरात नुसती धसकटं. अपेक्षा मागून चालत होती.

“आत्या, मी मुद्दाम न्हाई केलं. आणि मी तर बाई. मला कुठं आवाज द्यावा लागतो?”

रंभाबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत.

“बाईला न्हाई द्यावा लागत. म्हनूनच मी वळून बघितलं न्हाई. म्हन्लं, आपली अपेक्षा हाय, चहा घिऊन आलीया. पन तू एकली न्हवतीस आली. तुज्या मुठीत हजार बापे हुते. तेंच्यातल्या एकानं बी हाळी न्हाई दिली, आन् तू बी त्यांच्या वतीनं न्हाई दिलीस.”



त्या रात्री तिनं फोटो काढून टाकला. खात्यावरून तो गेला, पण गेला म्हणजे काय ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तो एका पानावर ‘खरा भारत’ म्हणून होता. दुसऱ्यावर गाणं लावून. तिसऱ्यावर कुणीतरी पावसाचे थेंब नव्यानं रंगवून. कुणी खाली आपलं स्वतःचं नाव टाकलं होतं, फोटोग्राफर म्हणून. ती प्रत्येकाला लिहीत सुटली. माझा फोटो आहे, काढा. बहुतेकांनी वाचलंसुद्धा नाही. एकानं विचारलं, पुरावा काय? पुरावा घरात भाकरी थापत होती. एका ठिकाणी त्या पाठीबद्दल पुरुषांनी जे लिहिलं होतं ते अपेक्षानं एकदा वाचलं, मोबाइल पालथा घातला आणि मोरीत जाऊन हात धुतले. ते शब्द तिनं शंभूलाही सांगितले नाहीत. पाणी जसं उताराला जातं तसा तो फोटो जात राहिला, आणि त्याला अडवायला तिच्याकडे एक बांधही नव्हता. मुळात पाट तिनंच फोडला होता.

घरात रंभाबाईंनी शंभूला एकदाच सांगितलं. साखरपुडा दुसरीकडं करा.

“आये, आता कसं जमंल?” शंभू म्हणाला. “समद्यांना सांगून झालंय. आन् त्या पोरीनं शबुद दिलाय न्हवं झाकायचा? तसं बी तुजं तोंड कुटं दिसतंय त्यात?”

“तू तरी आसं म्हनू नगंस.”

“मी आपलं खरं ते सांगतुया.”

“खरं काय ते गावाला म्हाईत हाय. तुला तेवडं तोंड लागतंय व्हय रं वळाकायला? माज्या पाठीवर वाडलास तू. चिखलनीला तुला पाठीशी बांदून उभी ऱ्हायलेय मी.”

शंभू उठून गाडी पुसायला गेला. पुसलेलीच गाडी.

रेश्मानं वेगळंच मागितलं. कंपनीतून रात्री घरी आली की ती आईजवळ बसायची, मान तिच्या खांद्यावर टाकून. ती म्हणाली, “आई, मला पण राग आलाय. खरंच. लग्न झालं की मी स्वतः त्यांच्याशी भांडीन. फक्त ती तू आहेस हे इंद्रजितच्या घरी आत्ताच नको कुणी सांगायला. त्याच्या आईचं, मावशीचं... तिथं सगळे सगळ्यांना सांगतात.” मग ती अपेक्षाकडे वळली. “वहिनी, प्लीज हां.”

“लाज वाटतीया का तुला?” रंभाबाईंनी विचारलं. रागानं नाही, माहिती करून घ्यावी तसं.

“नाही गं! लाज कशाची? पण...”

‘पण’च्या पुढे ती गेली नाही. रंभाबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. माळांचा पडदा त्यांनी कबूल केला तो तेव्हा. मुलीसाठी. तेवढ्या एका दिवसासाठी ती पाठ झाकलेली राहावी, इतकंच आता त्या मागत होत्या.

साखरपुड्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मृण्मयीनं शब्द पाळला होता. भिंतीवर वरपासून खालपर्यंत पिवळ्या-केशरी माळा, दाट, मधून बोट जाणार नाही अशा. अपेक्षानं आत शिरल्या शिरल्या आधी ते बघितलं आणि सासूला हळूच कोपरानं ढोसलं. रंभाबाईंनी बघितलं, मान हलवली. त्यांनी जांभळं इरकल नेसलं होतं, डोक्यावरून पदर. विधीला शंभू आणि अपेक्षा पाटावर बसले. रंभाबाई पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर. नारळ झाले, साखर झाली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. इंद्रजितनं वाकून रंभाबाईंना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

मग फोटो सुरू झाले.

फोटोवाला तरुण होता, गळ्यात दोन कॅमेरे. त्यानं नवरानवरीला झोपाळ्यावर काढलं, दारात काढलं, मग झेंडूच्या पडद्यापुढे काढलं. कॅमेऱ्यातून बघता बघता तो थबकला. वाऱ्यानं माळा हलून फटीतून त्याला काहीतरी दिसलं असावं. त्यानं एक माळ बाजूला केली. मग दुसरी.

“अरे, हे काय भारी आहे! कोणी झाकलं हे? दादा, तिकडून धरा जरा.”

मृण्मयी कुठेतरी जेवणाचं बघत होती. दोन वाढप्यांनी दोन बाजूंनी माळा धरल्या आणि पडदा उघडावा तशा ओढल्या. पाठ बाहेर आली. मांडीची शीर, लिंबाएवढा थेंब, काखेतली उसवण.

पाहुण्यांतून ‘वाऽ’ असा सूर उठला. मोबाइल वर झाले. शंभू पाटावर बसल्या बसल्या आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघू लागला.

“रेश्मा मॅडम, इकडे. इंद्रजित, तू तिच्या खांद्यावर हात. मॅडम, तुम्ही जरा खाली वाका ना, त्या बाईसारखं. हातात रोप धरल्यासारखं. मस्त दिसेल.”

रेश्मा हसली. ते हसू तिचं नव्हतं, पण फोटोत कुणाला कळलं नसतं. ती जरा वाकली. तिच्यामागे तिची आई वाकलेली होती, तिप्पट मोठी, आणि तिच्यापुढे आई खुर्चीवर बसली होती.

इंद्रजितची आई रंभाबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. डोळे भरून भिंतीकडे बघत म्हणाली, “काय सुंदर आहे नाही, विहीणबाई? कष्टाचं सौंदर्य वेगळंच. कोण असेल हो ही बिचारी?”

रंभाबाईंनी भिंतीवरून नजर काढली. त्यांनी शंभूकडे बघितलं. शंभूचं नख अजून संपलं नव्हतं. त्यांनी रेश्माकडे बघितलं. वाकलेल्या रेश्मानं मान किंचित हलवली, नको, नको, आणि हसू तसंच ठेवलं. मग त्यांनी अपेक्षाकडे बघितलं.

अपेक्षाच्या तोंडात सगळं आलं होतं. ही आहे ती. मी काढलाय हा. माळा सोडा. हॉलभर ऐकू जाईल असा आवाज तिच्याकडे होता. बांधावरच्या बायकांना चहाला बोलवायची ती त्या आवाजात. रेश्माच्या डोळ्यांतलं ‘प्लीज हां’ तिला इथून दिसत होतं. तिनं ओठ उघडले. पाटावर शंभूचा हात तिच्या मनगटावर आला. धरला नाही, नुसता ठेवला.

तेवढ्यात रंभाबाई उठल्या.

नीट उभ्या राहिल्या, निऱ्या सरळ केल्या, पदर डोक्यावर पुढे ओढला. दाराकडे जायला वाट एकच होती, फोटो काढणाऱ्यांच्या मागून. भिंतीकडे तोंड करून, हात वर करून माणसांची एक ओळ उभी होती, खांद्याला खांदा लावून, पाठी सगळ्या या बाजूला. त्या ओळीच्या टोकाशी येऊन रंभाबाई थांबल्या. आयुष्यभराची सवय. अपेक्षाला त्यांचा गळा हललेला दिसला.

हाळी आली नाही. त्या सगळ्या पाठींच्या मागून रंभाबाई सावकाश चालत गेल्या, एकाही पाठीकडे न बघता, आणि आवाज न करता दाराबाहेर पडल्या.